थांब, आले

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. राग मानू नका. पण मी लोणावळ्याची बाई आहे. घाटात लिफ्ट मागणारी ती पांढऱ्या साडीवाली तुमच्यापैकी निम्म्या लोकांना भेटलेली दिसते... आणि मी घाटाच्या तोंडाशी जन्म काढला, मला मेली एकदाही भेटली नाही! भुशीच्या धरणावर म्हणे हाका ऐकू येतात. अहो, भुशीला जो काय आवाज असतो तो पिकनिकला आलेल्या पब्लिकचा आणि भजीवाल्यांचा.

त्यातून आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगारे-धुपारे, उतारे, देवऋषी सगळं उंबऱ्याबाहेर. लहानपणी शाळेतून एखादी भुताची गोष्ट ऐकून आले की वडील विचारायचे, "तू बघितलंस?" मी म्हणायची, नाही. "मग ज्यानं बघितलंय त्याला घेऊन ये, मी चहा पाजतो." आजपर्यंत आमच्याकडे त्या चहाला कुणी आलं नाही.

नोकरीही अशीच, टेलिफोन खात्यात. ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडून द्यायचे दिवस होते तेव्हापासून मी कानाला हेडफोन लावून बसलेली. "थांबा, जोडते" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. आवाज ओळखणं हा माझा धंदा. खरखर कुठली, घोगरा कोण, हॅलो म्हणताना खोटं कोण बोलतंय, सगळं कळायचं. आता रिटायर होऊन कुसगावला राहते. कान अजून शाबूत आहेत.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढचं वाचून कुणी 'बाई भोळी दिसते' म्हणू नये. माझा धाकटा भाऊ गौतम गेला, त्याला आता वर्ष होत आलं. जायच्या आधी त्याच्या हाकेला मी एक ओ दिली होती. ती द्यायला हवी होती की नको, एवढाच माझा प्रश्न आहे. इतक्या जणांना विचारून झालं, आता तुम्हाला विचारते.

आमचं मूळ गाव कान्हे स्टेशनपासून बरंच आत, डोंगराच्या पोटाशी. नाव लिहीत नाही, गावात अजून सगळे आहेत. गावामागच्या डोंगराला वर दोन कड्यांच्या मधे एक मोठी खाच आहे, तिला आमच्याकडे 'दार' म्हणतात. पलीकडच्या वाडीला जायची पायवाट त्या दारातून जाते. मी आणि गौतम लहानपणी सुट्टीत म्हशी घेऊन तिथेच असायचो.

आता हाळी म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. डोंगरात एकाने दुसऱ्याला लांबून मोठ्याने मारलेली हाक, ती हाळी. पण तिला रीत असते बरं का! आमच्या वडिलांनी ती आम्हाला शाळेच्या आधी शिकवली. हाळी ऐकू आली की ज्याला मारली त्याने ओ द्यायचीच. तो ऐकत नसेल तर जो ऐकेल त्याने द्यायची, मग भांडण असो की काही असो. निघायचं असेल तर 'थांब, आलो' म्हणायचं. आणि ज्याला ओ मिळाली त्याने मग गप्प बसायचं. जागा सोडायची नाही, पुन्हा ओरडायचं नाही. कारण आमच्या डोंगरात आवाज कड्यावर आपटून भलतीकडून येतो आणि शोधणारा माणूस चकतो. हाळी बंद झाली म्हणजे ओ मिळाली, असं ऐकणारे बाकीचे समजतात आणि आपापल्या कामाला लागतात.

गौतमची हाळी हजारात ओळखू यायची. "आक्केऽऽ" असं लांबवत न्यायचा आणि शेवटी ती चिरकायची. पोरगा मोठा झाला, मिशा आल्या, त्या पांढऱ्या झाल्या, आजोबा झाला, तरी चिरकायचीच. मी चिडवायची, "गौत्या, तुझ्या गळ्यात कुणीतरी कोंबडा बसवलाय." तो म्हणायचा, "बसू दे. तुला कळतंय ना, म्याच हाय म्हनून? बास झालं."

माझी मुलगी स्नेहल अमेरिकेत आहे, टेक्सासमध्ये, ऑस्टिनला. आमचे हे गेल्यानंतर ती सारखी मागे लागली होती, आई ये, आई ये. शेवटी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निघाले. जायच्या आधी गौतम गावाहून भेटायला आला, खांद्यावर इंद्रायणी तांदळाचं हे एवढं बोचकं घेऊन.

"हे काय?" मी म्हटलं.

"स्नेहलला. तितं कुटं मिळायचा?"

"अरे विमानात चालत नाही! एअरपोर्टवर काढून टाकतील."

"तांदूळ हाय, बाँब न्हाई," तो म्हणाला आणि चहा ओतून घेतला. मग विचारलं, "तितं डोंगर हायती का गं?"

स्नेहलने फोनवर एका नॅशनल पार्कचे फोटो पाठवले होते, मेक्सिकोच्या सीमेवरचं. वाळवंट आणि त्यात उघडेबोडके डोंगर. ते दाखवले. बराच वेळ बघत बसला. मोठं करून, छोटं करून. मग म्हणाला, "झाड न्हाई, गवात न्हाई. हितं गुरं काय खात्यात?" एवढंच त्याला पडलेलं.

मी त्याला बजावलं, की मी नसताना एकटा दाराकडे जाऊ नकोस. उन्हाळ्यात ते वाळलेलं करड गवत इतकं निसरडं होतं, की चपलेखाली धरतच नाही. त्याची एक ढवळी गाय होती, म्हातारी झाली तरी हिंडायची, आणि हा तिच्यामागे. मी म्हटलं, जायचंच असेल तर प्रवीणला घेऊन जा. प्रवीण त्याचा मुलगा, तळेगावला कंपनीत आहे.

"परवीन शिफ्टला आसतो. आन काय झालंच तर हाळी देईन की तुला. देशील ना ओ?"

"मोबाइल कशाला घेऊन दिलाय पोराने?"

"दाराकडं रेंज न्हाई. हाळीला रेंज लागत न्हाई, आक्के."

मी हसले. म्हटलं, "देईन बाबा, देईन." तांदळाचं बोचकं मी शेजारणीला देऊन टाकलं... थोडा तरी नेला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. एक छोटी पिशवी गेली असती.

मे महिन्यात स्नेहलने सुट्टी काढली आणि आम्ही दोघीच त्या पार्कला गेलो. जावयांना काम होतं. बिग बेंड नाव त्याचं. दिवसभर गाडी चालवावी लागते, आणि शेवटचे कित्येक तास रस्त्यावर माणूस नाही. मी स्नेहलला म्हटलं, मावळातल्या बाईला डोंगर दाखवायला इतकं पेट्रोल जाळतेस, तुझ्या डोक्याची कमाल आहे. पण खोटं कशाला बोलू, पोचल्यावर बोलती बंद झाली. संध्याकाळच्या उन्हात ते सगळे डोंगर विटकरी झाले होते. आणि पायाशी काय, तर घायपात! आपल्या इथे रेल्वे लाइनच्या कडेला असते तीच जात म्हणा ना. फड्या निवडुंगही तोच. मी एका घायपातीला हात लावून उभी राहिले. स्नेहल म्हणाली, "आई, काटा लागेल." मी म्हटलं, लागू दे, ओळखीची आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जायचं म्हणून पहाटेच निघालो. तिथे सांता एलेना नावाची एक घळ आहे. प्रचंड उंच दोन भिंती, मधून नदी. एक भिंत अमेरिकेची, समोरची मेक्सिकोची. लांबून पाहिलं आणि मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं दार!" तेवढं मोठं नाही आपलं, कुठलं असणार. पण डोंगराला वरून खालपर्यंत दिलेली ती खाच अगदी तशीच. त्या क्षणी मला गौतमची आठवण आली होती, हे मी कबूल करते. नाहीतर म्हणाल, बाईने लपवलं.

आत थोडं चालून गेलं की वाट नदीशी उतरते. सकाळ छान झाली होती, ऊन समोरच्या भिंतीवर वरच्या अंगाला आलेलं. आमच्या मागे-पुढे कुणी नव्हतं. स्नेहल मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मला म्हणाली, "आई, इथला एको ऐक," आणि स्वतःचंच नाव मोठ्याने ओरडली. तिचं नाव समोरच्या भिंतीवरून आलं, मग आतून कुठून तरी पुन्हा आलं. आम्ही दोघी हसलो. मी एका दगडावर बसून बूट सोडत होते, पाण्यात पाय टाकायला.

आणि हाळी आली.

"आक्केऽऽ..."

शेवटी चिरकलेली. मी बूट सोडता सोडता थांबले. मनात वगैरे नाही हो. कानात. लांबून येते तशी, वाऱ्यावर कमी-जास्त होत. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? काहीच वाटलं नाही! गौतम हाक मारतोय, एवढंच वाटलं. आपण कुठे आहोत, तो कुठे आहे, हे डोक्यात यायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यात कळ होती. लागलंय त्याला, हे मला आवाजावरून समजलं. ओरडणाऱ्याला दम पुरत नव्हता.

मी उठून उभी राहिले, तोंडाशी हात धरला आणि जीव खाऊन ओरडले, "ओऽऽ! थांऽऽब, आऽऽले!"

आणि हाळी बंद झाली.

मी एक बूट घालून, एक हातात घेऊन पाण्याच्या दिशेने निघाले. स्नेहलने दंड धरला. "आई! कुठे निघालीस? कुणाला ओरडलीस?"

"मामा हाक मारतोय."

 "कुठला मामा? आई, आपण टेक्सासमध्ये आहोत."

तेव्हा मी भानावर आले. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी दगडावर बसले, तिने पाणी पाजलं, ऊन लागलं का विचारलं, शुगर कमी झाली असेल म्हणाली, पर्समधून खजूर काढून तोंडात घातला. मी म्हटलं, तसंच असेल. सवय आहे ना आपल्याला, काही झालं की तसंच असेल म्हणायची. आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. त्या वेळी मला बरं वाटत होतं. हाळी थांबली होती, म्हणजे ओ पोचली होती. गौतमला ओ मिळाली, काम झालं, असं आत कुठेतरी समाधान होतं.

तिथे फोनला रेंज नाही. पार्कभर नाही. मी स्नेहलला म्हटलं, चल, बाहेर जाऊन गावाला फोन करू. ती म्हणाली, रात्री हॉटेलवर गेल्यावर कर, आता तिकडे झोपायची वेळ होईल, उगीच घाबरवशील त्यांना. तिचंही बरोबर होतं. मी हट्ट केला नाही. दिवसभर डोंगर बघितले. काय बघितलं ते विचारू नका.

हॉटेलवर पोचायला चांगलीच रात्र झाली, आणि वायफायमध्ये शिरल्याबरोबर फोन थरथरायला लागला, थांबेचना. सगळे प्रवीणचे.

झालं होतं ते असं. ढवळी वेळेवर परत आली नाही म्हणून गौतम उन्हं कलल्यावर एकटाच दाराकडे गेला. दाराच्या अलीकडे त्या करड गवतावरून पाय घसरला आणि तो खालच्या घळीत पडला. मांडीचं हाड मोडलं, आत मुका मार. आंब्याचे दिवस होते, तो बरेचदा राखणीला शेतातल्या खोपटात झोपायचा, म्हणून सुमनला, म्हणजे त्याच्या बायकोला, काही वाटलं नाही. पहाटे गाय एकटीच घराच्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा शोधाशोध झाली. सापडला तेव्हा शुद्धीवर होता. घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणला, कामशेतला नेला, तिथून पुण्याला मोठ्या दवाखान्यात.

स्नेहलने रातोरात तिकीट काढलं. मी निघाले. मधल्या एअरपोर्टवर विमान बदलायला उतरले, फोन चालू केला, आणि प्रवीणचा मेसेज होता. तिथे एका खुर्चीवर बसले. शेजारी कुणी अनोळखी बाई होती, तिने न विचारता माझा हात धरला. भाषा आम्हा दोघींना एकमेकींची येत नव्हती.

मी गावात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो जलदानाचा विधी तेवढा मिळाला. वंदना झाली, माणसं पांगली, आणि सुमन माझ्याजवळ येऊन बसली. ती कमी बोलणारी बाई. पदराशी चाळा करत म्हणाली, "वन्सं, एक इचारू? तुमी त्येंना काय फोन-बिन केलता का, त्या दिशी?"

"नाही गं. का?"

"न्हाई... सापडले तवा पयलं इचारलं, आक्का कुटंय? परवीन म्हनला, आत्या अमेरिकेत हाय. तर म्हने, न्हाई रं, आलीया ती. कालच ओ दिली मला. थांब, आले म्हनली. म्हनून तर गप पडून ऱ्हायलो. दवाखान्यातबी त्येच. दार वाजलं की बघायचे. आली का आक्का?"

मी तोंड ओंजळीत धरलं. सुमनला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते.

तरीही... तरीही मी स्वतःला समजावलं. माणूस पडलेला, दुखण्यात, तापात. त्याला भास झाला. मला तिकडे भास झाला. दोघांच्या भासांची गाठ पडली, योगायोग. वडील असते तर हेच म्हणाले असते. मी त्यांच्याच तालमीतली.

दोन-तीन दिवसांनी हौसामावशी आली. पलीकडच्या वाडीची म्हातारी, करवंदं-जांभळं तोडून कामशेतच्या बाजारात विकते. आम्हाला लहानपणापासून ओळखते. अंगणातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. सुमन आतून तिच्याकडे बघेना, हेही माझ्या लक्षात आलं. मावशी मला म्हणाली, "आक्के, त्या दिशी तू आल्ती ना गावात?"

"नाही मावशी. मी लांब होते. अमेरिकेत."

"मंग ओ कुनी दिली?"

मी म्हटलं, कसली ओ?

"मी करवंदं घेऊन दारातनं उतरत व्हते. गौतमची हाळी आली. डोईवरची पाटी खाली ठिवली, आता ओ देनार, तर तेवढ्यात बाईमानसाचा आवाज आला. वरनं का खालनं, ते कळलं न्हाई बग. 'थांब, आले.' खणखणीत. आन गौतम गप झाला. म्या म्हनलं सुमन आसंल. मिळाली ओ त्येला. पाटी उचलली आन गेले घरला." तिचा चेहरा वाकडा झाला. "सुमन म्हन्ती, ती गेलीच न्हवती. गाव म्हनतंय म्हातारी खोटं बोलतीया, ऐकून न ऐकल्यावानी करून गेली. आक्के, मी आसं करंन का गं? गौतमला मी खांद्यावर खेळवलंय."

तिने पाटी खाली ठेवली होती. ओ द्यायला तोंड उघडलं होतं. मी मधे बोलले नसते तर मावशीने ओ दिली असती, वाडीवर जाऊन चार माणसं आणली असती, आणि गौतम त्याच रात्री दवाखान्यात असता. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रवीणला एवढंच सांगितलं होतं, की रात्रीच आणायला हवं होतं.

मी उठले. सुमनला बाहेर बोलावलं आणि दोघींच्या समोर सगळं सांगितलं. घळ, नदी, हाळी, सगळं. म्हटलं, "सुमन, मावशी खोटं बोलत नाही. ती ओ माझी होती. बोल लावायचा तर मला लाव."

 सुमनने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि मावशीच्या हातात दिला. मावशी तिथेच पायरीवर बसली आणि घटाघटा प्यायली. मला सुमन म्हणाली, "बोल कसला लावू, वन्सं? रातभर त्या घळीत येकटे व्हते. जनावरं हिंडत्यात तितं. पन घाबरले न्हाईत. मला म्हनले, आक्का येती म्हनली ना, मंग कशाला घाबरू? निवांत व्हते बगा शेवटपातूर."

ती मला धीर द्यायला म्हणाली, मला कळतं. पण घाबरला असता तर ओरडला असता ना! ओरडला असता तर कुणीतरी ऐकलं असतं. माझ्या ओने त्याला निवांत केलं, आणि निवांत केलं म्हणूनच... असो. हे वाक्य मी गेले वर्षभर पुरं करायला बघते आहे.

नंतर स्नेहलने तो व्हिडिओ पाठवला. मीच मागितला. त्यात तिचं नाव ऐकू येतं, मग भिंतीवरून परत आलेलं तिचं नाव, दोनदा. आमचं हसणं. मग नदीचा आवाज. गौतमची हाळी त्यात नाही, मी हेडफोन लावून, ऑपरेटरच्या कानाने, कितीदा तरी ऐकलं. नाहीच. मग माझं ओरडणं आहे, "ओऽऽ, थांब, आले." आणि त्यानंतर पुन्हा नदी. माझा आवाज परत आलेला नाही. तीच जागा, त्याच भिंती, स्नेहलपेक्षा माझा आवाज दुप्पट. तिचा आला, माझा आला नाही. जावई इंजिनियर आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही वेगळ्या दिशेला तोंड करून ओरडला असाल, वारा असेल, माइक असेल. असेलही. वेळ तर जुळतेच. तिकडे आमची सकाळ, इकडे त्यांची तिन्हीसांजेआधीची उन्हं.

विमान पकडायच्या आधी, अगदी त्या पहिल्या रात्री हॉटेलवरूनसुद्धा मी दवाखान्यात त्याला नुसता फोन लावू शकले असते, असंही वाटतं. काय काय वाटतं. 'ओरडत राहा' असं म्हटलं असतं तर? पण हाळीच्या रितीत ते वाक्यच नाही. आम्हाला कुणी शिकवलंच नाही ते.

गेल्या महिन्यात प्रवीणला बरोबर घेऊन मी दाराकडे गेले. गुडघे दुखतात, पण गेले. दिवसाउजेडी, काठी टेकत. त्याने मला ती जागा दाखवली. गवत पुन्हा वाळलंय. मी तिथे उभी राहिले, तोंडाशी हात धरला आणि म्हटलं, "गौतमऽऽ, आले रेऽऽ!" समोरच्या कड्यावरून माझा आवाज जसाच्या तसा परत आला. प्रवीण म्हणाला, "चला आत्या, ऊन वाढतंय." आम्ही उतरलो.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. भुतंखेतं मी आजही मानत नाही, आणि कुणी मला 'आत्मा हाक मारत होता' वगैरे समजावायला येऊ नये. गौतम त्या वेळी जिवंत होता. जिवंत माणूस हाक मारत होता आणि मी ओ दिली. फक्त जाऊ शकले नाही.

स्नेहल सध्या इकडे आली आहे, बाळंतपणाला. परवा आतल्या खोलीतून तिने हाक मारली, "आई!" मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. गॅस बंद केला आणि तशीच पिठाच्या हातांनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती दचकली. म्हणाली, "अगं, 'आले' तरी म्हणत जा. किती वेळा हाक मारू?"

मारत राहा म्हटलं. मी येईन, पण आधी 'आले' म्हणायला मला सांगू नकोस.